आधी गळ्यात, मग तारेवर

गिटारवर सोलो वाजवणाऱ्याच्या मनात आधी सूर आला की आधी बोट पडलं, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नसलं तरी कळतं. बोट आधी पडलेलं असलं की स्वर बरोबर असतात, स्केल बरोबर असतं, वेगही असतो, आणि तरी कान कुठेच रेंगाळत नाही. सूर आधी आलेला असला की तीन स्वरांतही माणूस मान वर करून बघतो. सांगलीत, विश्रामबागेत, संध्याकाळी मी गिटार शिकवतो. तिथे सगळ्यात जास्त वेळ मला याच एका गोष्टीला द्यावासा वाटतो. त्यासाठी मी गिटार बाजूला ठेवायला लावतो, मोबाईलवर तानपुरा सुरू करतो आणि म्हणतो, सा लावा.

पालकांना हे सुरुवातीला समजत नाही. "गिटार कधी चालू करणार ओ सर?" असं दारातच विचारतात. त्यांचंही बरोबर आहे. फी गिटारची भरलेली असते आणि घरी आलेला मुलगा सारेगम, रेगमप म्हणत बसलेला असतो. पण गळ्याची गरज गिटारवाल्याला इतर कोणापेक्षा जास्त आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं. त्याचं कारण या वाद्याच्या रचनेतच आहे.

पेटीवर एका स्वराची एकच पट्टी असते. गिटारवर तसं नाही. पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक, तार मोकळी छेडली की जो ई वाजतो, तोच ई दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर (तारांखालच्या आडव्या पट्ट्या त्या फ्रेट) आहे, तिसऱ्या तारेच्या नवव्यावर आहे, चौथ्या तारेच्या चौदाव्यावर आणि पाचव्या तारेच्या एकोणिसाव्यावरही आहे. एक स्वर, पाच घरं. त्यामुळे गिटार शिकणारा माणूस स्वराऐवजी जागा लक्षात ठेवतो. त्यात तारांमधलं अंतरही सगळीकडे सारखं नाही. शेजारच्या दोन तारांत सा-म एवढं अंतर असतं, फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत ते सा-ग इतकंच आहे. तिथे आकृती एका फ्रेटने सरकते. डोळ्यांना ते पाठ करावं लागतं, गळ्याला त्याचा पत्ताही नसतो. शेवटी हातात उरते ती चौकट, म्हणजे बोटांच्या ठरलेल्या जागांची आकृती. ए मायनर पेंटाटॉनिकची, म्हणजे पाच स्वरांच्या स्केलची, पाचव्या फ्रेटवरची चौकट जगातल्या बहुतेक सगळ्या गिटारवाल्यांना झोपेतही वाजवता येते. रोजच्या पायवाटेवर माणूस जसा विचार न करता चालतो, तशी बोटं त्या चौकटीत वर जातात आणि खाली येतात. चौकट चुकीची मुळीच नाही. साथीचा बॅकिंग ट्रॅक ए मायनरमध्ये असेल तर तिच्यातला कुठलाही स्वर खटकत नाही. अडचण तिथेच आहे. काहीच खटकत नाही म्हणून कान कामाला लागत नाही.

त्या चौकटीतले स्वर ए ला सा धरून आपल्या भाषेत सांगायचे तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हे धानी रागाचे स्वर. मेजर पेंटाटॉनिक घेतलं तर सा रे ग प ध, म्हणजे भूप. पण हेच पाच स्वर देशकारातही आहेत, आणि तरी भूप ऐकून कोणाला देशकार वाटत नाही. भूप पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, रमतो, गंधारावर विसावतो. देशकार धैवतावर उभा राहतो आणि वरच्या अंगाने बोलतो. स्वर तेच, मग बदललं काय? कुठल्या स्वरावर किती थांबायचं, कुठून यायचं, कुठे वळायचं, एवढंच. सोलो वाजवताना नेमकं हेच ठरवायचं असतं, आणि स्केलची आकृती याबद्दल एक अक्षर सांगत नाही. सगळे ठिपके तिच्यात सारख्याच आकाराचे असतात. गळ्यातून म्हटल्यावर ते सारखे राहत नाहीत. भूपातला गंधार धरून बसावासा वाटतो, रिषभावर तसं वाटत नाही. हे कोणी सांगावं लागत नाही, गाताना आपोआप लागतं.

गळ्याला फ्रेट नाहीत. तिथे बोट ठेवायला जागा नाही. पुढचा स्वर मनात ऐकू आल्याशिवाय तो गळ्यातून निघूच शकत नाही. आणि निघालाच तर बेसूर निघतो, म्हणजे तेही लगेच कळतं. इम्प्रोव्हायझेशनला, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्याला, ज्या एका गोष्टीची नितांत गरज आहे, म्हणजे पुढचं आधी ऐकू येणं, तिचा रियाज सा लावल्या क्षणापासून सुरू होतो. अमेरिकेचे जॉर्ज बेन्सन सोलो वाजवता वाजवता तेच स्वर तोंडाने गातात. गळा आणि तार एकदम निघतात, त्यात फट दिसत नाही. ऐकणाऱ्याला ती करामत वाटते. मला तो कामाचा खरा क्रम वाटतो, फक्त तो मोठ्याने ऐकू येतो एवढंच.

आमच्या भागात राहून हे लक्षात यायला फार लांब जावं लागत नाही. मिरज इथून सिटी बसच्या अंतरावर. तिथल्या सतारमेकर गल्लीत एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्यं बनतात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातून हा हुन्नर उभा राहिला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-सोलापूरकडून आलेले वाळलेले भोपळे दुकानाच्या माळ्यावर रचलेले असतात आणि गल्लीत लाकडाचा नि पॉलिशचा वास असतो. माझ्याकडच्या मुलांना मी तिथे नेतो ते जवारी, म्हणजे घोडी घासून तार बोलती करण्याचं काम, बघायला. खरं म्हणजे ऐकायला.

एकदा एक चाचा नव्या तानपुऱ्याची जवारी काढत होते. तारा ज्यावरून जातात त्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो किंचित उतरता असतो आणि सगळा खेळ त्या उतारात आहे. तार त्याच्यावरून जाताना हलकेच घासत राहिली पाहिजे. चाचा कानस दोनदाच फिरवायचे, तार बसवायचे, छेडायचे, मान तिरपी करून ऐकायचे आणि पुन्हा तार बाजूला. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवला. तो केसभर पुढे गेला तोवर आवाज बंद डब्यातल्यासारखा होता. अजून केसभर सरकला आणि खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, तार एकदम उघडली, तिच्यातून वरचे स्वर झरायला लागले. समोर ट्यूनर नव्हता. खुंटी पिळण्याआधी चाचा दर वेळी तो स्वर ओठांतल्या ओठांत गुणगुणत होते आणि तार त्या गुणगुणण्याकडे आणत होते. मुलांना मी म्हणालो, यांच्या ओठांकडे बघा, हाताकडे नंतर बघा.

त्या खर्जात एक गंधार असतो. कोणी वाजवत नाही, तारेतूनच येतो. तार तिच्या पाच भागांत कंप पावते तेव्हा निघणारा तो पाचवा स्वरांश. याला जुने लोक स्वयंभू गंधार म्हणतात. आता हा प्रयोग गिटारवर कोणालाही करता येईल. सहावी तार ई वरून खाली डी पर्यंत उतरवा. खर्जाकडच्या तीन जाड तारा आता डी-ए-डी, म्हणजे सा-प-सा झाल्या. घरच्या घरी तानपुरा झाला. सहाव्या तारेवर चौथ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे बोट नुसतं टेकवून छेडा, तिथे स्वयंभू गंधार मिळेल. मग पहिल्या तारेचा दुसरा फ्रेट दाबून तोच गंधार वाजवा. दोन्ही एकदम वाजले की स्वर स्थिर राहत नाही. एका सेकंदाला साधारण तीन या गतीने तो हेलकावतो. कारण खर्जातला गंधार ३६७ हर्ट्‌झच्या आसपास आहे आणि फ्रेटचा ३७० च्या. सप्तकाचे बारा सारखे भाग करून फ्रेट ठोकलेले असतात. प्रत्येक भाग १०० सेंटचा, सेंट म्हणजे स्वरांतलं अंतर मोजायचं माप. त्या हिशोबात शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर येतो आणि तानपुऱ्यातला सुमारे ३८६ वर. पंचमाला ही तफावत फक्त दोन सेंटची आहे, म्हणून पंचम सगळीकडे जुळतो. गंधाराला चौदा सेंटची आहे, आणि ती कानाला कळते.

हे सांगलीत शंभर वर्षांपूर्वी मोजून झालेलं आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर सांगलीचे. बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांचा, छडा लावण्याच्या ध्यासापायी त्यांनी आयुष्याचा उत्तरार्ध खर्च केला आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. गाऊन दाखवायला त्यांना गवई अब्दुल करीम खाँसाहेबांचं साहाय्य होतं. किराणा घराण्याचे खाँसाहेब मिरजेचे होऊन राहिले, १९३७ साली वारले आणि मिरजेच्या दर्ग्यातच त्यांना दफन केलं. उरुसात दर्ग्याच्या आवारातल्या चिंचेखाली अजूनही गवई हजेरी लावतात. खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रणं मी मुलांना ऐकवतो. खरखर खूप आहे. पहिल्यांदा मुलं कंटाळतात, ते साहजिक आहे. पण खाँसाहेब एका स्वरावर कसे येतात, किती अलगद टेकतात, तिथून पुढे जाण्याची घाई कशी करत नाहीत, एवढंच ऐकायला सांगतो. सोलोमध्ये ज्याला आपण फीलिंग म्हणतो ते मला तिथे अगदी उघडं दिसतं.

गिटारवाल्याने या चौदा सेंटचं करायचं काय? फ्रेट काही हलवता येत नाहीत. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, ते सरकवता येतात, आपले पक्के ठोकलेले. पण तार ओढता येते, आणि ओढली की स्वर वर जातो. कोमल गंधार फ्रेटवर ३०० सेंटला आहे आणि गळा त्याला सहज लावतो तो थोडा वर, ३१६ च्या आसपास. तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, ए मायनरच्या चौकटीतला हा स्वर नुसता दाबला तर कोरडा लागतो. बोटाने जरासा ओढला की बोलायला लागतो. ब्लूजवाले तो आणखी वर नेतात. किती ओढायचा याचं माप कुठल्याही व्हिडिओत सांगता येत नाही. तानपुऱ्यावर तो स्वर आपण आधी गायलेला असेल तर मात्र बोट योग्य ठिकाणी थांबतं. मी हे शेकडो वेळा समोर घडताना बघितलंय आणि प्रत्येक वेळी मला त्याचा तितकाच आनंद होतो.

रियाज कसा करायचा ते सांगतो. आधी षड्ज. माझा पांढरी दोन, म्हणजे डी. मुलींना पांढरी सहा, म्हणजे ए, बरी पडते. तानपुऱ्यावर सा लांब धरायचा, दुसरं काही नाही. मग एकाच तारेवर वाजवायचं. चौथी तार मोकळी, तो सा. दुसऱ्या फ्रेटवर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सातव्यावर प, नवव्यावर ध, अकराव्यावर नि, बाराव्यावर वरचा सा. एकाच तारेवर चौकट पाठ करायची सोयच राहत नाही. ग आणि म यांच्यात एकच फ्रेट आहे आणि प आणि ध यांच्यात दोन, हे गळ्याला, डोळ्यांना आणि बोटाला एकदम कळतं. आधी स्वर गायचा, मगच दाबायचा. हा क्रम उलटा झाला की व्यायाम वाया गेला. मग पलटे, म्हणजे सारेगम, रेगमप अशा स्वरांच्या ओळी. इथल्या गाण्याच्या क्लासांत गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेला बसणारी मुलं जे पलटे म्हणतात तेच घ्यावेत, नवीन शोधत बसू नये. फक्त फ्रेटचे आकडे न म्हणता स्वरांची नावं घ्यायची. 'सात' म्हटल्याने काही कळत नाही. 'प' म्हटलं की सा पासून आपण कुठे उभे आहोत ते तोंडातच येतं.

पाश्चात्त्य पद्धतीत दोन स्वरांतली अंतरं ओळखायला लावतात, ओळखीच्या गाण्यांची पहिली दोन अक्षरं आठवून. ती पद्धत परीक्षेपुरती ठीक आहे. वाजवताना मात्र तेवढा वेळ नसतो, आणि प्रत्येक स्वर आधीच्या स्वराशी नुसता जोडत गेलं तर सा हातून निसटतो. षड्जाशी नातं धरून ऐकणं मला जास्त खरं वाटतं, आणि ते आपल्याकडे लहानपणापासून भजनात, आरतीत कानावर पडलेलंच असतं.

"माझा आवाज चांगला नाही" हे मला दर आठवड्याला ऐकावं लागतं. आवाज चांगला असायची गरजच नाही. ओठ मिटून हुंकारलं तरी चालतं. स्वर अजिबात जुळवता येत नाही अशी माणसं फारच थोडी असतात. बाकीच्यांनी फक्त कधी शांत बसून जुळवून पाहिलेलं नसतं. बऱ्याचदा मूल आपल्या पट्टीबाहेरचा स्वर धरायला बघत असतं, सप्तक बदलून दिलं की दोन मिनिटांत सूर लागतो.

दहावी झालेली एक मुलगी आहे माझ्याकडे. बोटं फार तयार. व्हिडिओ बघून शिकलेली, वेग असा की मोठी मुलं थांबून ऐकतात. तिला मी ए मायनरचा संथ ट्रॅक लावून दिला आणि म्हटलं, गिटार मांडीवर असू दे, पण हात लावू नको, चार मात्रांत काहीतरी गा. बराच वेळ गेला. मग तिने सा म्हटला, खाली कोमल नि ला जाऊन परत सा वर आली, तिथून कोमल गंधारावर गेली, थांबली, आणि हळूच सा वर उतरली. बस, इतकंच. म्हटलं, हे वाजव. तिचं बोट सवयीने चौकटीतल्या धावेवर गेलं आणि ती स्वतःच थांबली. पुन्हा गायली. मग शोधत शोधत वाजवलं. स्वर सगळे मिळाले, पण ती म्हणाली, "दादा, हे तसं नाही लागत." आम्ही दोघांनी परत ऐकलं. गळ्यातून जाताना ती गंधारावर थेट जात नव्हती, रिषभाचा एक कण घेऊन जात होती. पेंटाटॉनिकमध्ये रिषभ नाहीच. तिला चौथ्या फ्रेटवरून पाचव्यावर घसरून यायला सांगितलं, तिसऱ्या तारेवर. आला. तो कण तिला कोणी शिकवलेला नव्हता आणि चौकटीत त्याला घर नव्हतं. तिने त्या दिवशी ती ओळ किती वेळा वाजवली असेल! आई घ्यायला आली तरी उठेना.

दुसरी गोष्ट श्वासाची. गिटारला श्वास घ्यावा लागत नाही, म्हणून गिटारवाला थांबत नाही. बासरीवाल्याला थांबावंच लागतं, गवयालाही. एका श्वासात मावेल तेवढीच ओळ गायची, मग तितकाच वेळ गप्प राहायचं, मग तीच ओळ वाजवायची. त्या गप्प राहण्यात पुढची ओळ तयार होते. हा सवाल-जवाब स्वतःचा स्वतःशी. काही दिवसांनी वाजवण्यातही मोकळ्या जागा यायला लागतात, आणि ओळीला सुरुवात-शेवट मिळतो.

एवढं झाल्यावर कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे काही स्वर. इथे आपल्या पद्धतीपुढे एक नवीन प्रश्न येतो, आणि तो मला फार आवडतो. तानपुऱ्याचा सा हलत नाही, पण गिटारच्या गाण्यात खालची कॉर्ड बदलत राहते. ए मायनर, एफ, सी, जी अशा चार कॉर्ड एकामागून एक वाजत ठेवायच्या आणि त्यावर फक्त सी हा एकच स्वर गात राहायचा. आपल्या हिशोबात तो कोमल गंधार. कॉर्डच्या मूळ स्वरापासून मोजला तर ए मायनरवर तो तिसरा स्वर आहे, जरा उदास. एफ आली की तोच पाचवा होतो, निवांत बसतो. सी कॉर्डवर तो मूळ स्वर, म्हणजे घरी पोचला. जी आली की चौथा होतो, आणि एका स्वराने खाली, बी वर उतरावंसं गळ्याला वाटायला लागतं. स्वर आपण हलवलेला नाही, खालची जमीन हलली. नुसती बोटं हलवणाऱ्याला हे कळायला वर्षं जातात. गाणाऱ्याला पहिल्याच फेरीत जाणवतं, कारण जी कॉर्डवर तो स्वर धरून ठेवायला गळ्याला जोर लावावा लागतो.

ती मुलगी सध्या हेच करतेय. सी झाला, आता ई धरून चारही कॉर्डवर गातेय. पुढच्या आठवड्यात जी च्या जागी ई मेजर देणार आहे. त्या कॉर्डमध्ये जी शार्प येतो, म्हणजे शुद्ध निषाद, आणि तिच्या नेहमीच्या चौकटीत त्या स्वरावर बोट पडत नाही. गळ्यात तो आधी येतो का, आणि आला की तारेवर ती तो कुठून काढते, ते मला बघायचंय.